समुपदेशनाची पदवी



आपल्या साजगावच्या मुलीही आता समुपदेशनाचे शिक्षण घेऊ म्हणतात, हे ऐकून समाधान वाटते. खोपोलीहून लोकलने मुंबईस जाता येते. ती अडचण नाही. परंतु प्रवेशापूर्वी एक विचारावे : तेथे प्रत्यक्ष काम कोणाच्या देखरेखीखाली शिकवितात?

पदवीनंतरच्या दोन वर्षांत पुस्तके पुष्कळ वाचून होतील. पण घराबाहेर काढलेली बाई समोर रडत बसली की केव्हा गप्प राहावे, तिचे बोलणे आपल्यापाशीच कसे ठेवावे, आणि तिच्या जिवाला धोका दिसला तर कोणास कळवावे, हे अनुभवी माणसाच्या हाताखालीच समजते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष काढला, तेव्हा तेथे समाजकार्याचे रीतसर शिक्षण घेतलेलीच माणसे नेमली. नुसता कनवाळूपणा तर आपणा सर्वजणींपाशी आहेच!

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वसन परिषदेत नोंदणी करावी लागते. आरोग्यसेवेतील सहयोगी व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्यात समुपदेशकांचाही उल्लेख आला आहे. तरीही पंधरा दिवसांच्या वर्गाचे प्रमाणपत्र लावून बसणारे आढळतात. तेव्हा लेकीसुनेला कोणाकडे नेताना पदवी कोणती, विद्यापीठ कोणते, सराव कोठे केला, हे बेलाशक विचारा.