उतरत्या विमानातील दाबाचा काटा

दिल्लीहून मुंबईकडे येणारे जेट विमान मुक्कामापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर असतानाच त्याच्या इंजिनांचा आवाज एकाएकी मंदावतो. नवख्या प्रवाशाच्या मनात शंका चमकून जाते. वस्तुतः वैमानिकाने शक्तीची तरफ अगदी मागे घेऊन इंजिने मंद चालीवर आणलेली असतात. विमान आता आपल्या उंचीचीच पुंजी खर्चून पुढे सरकत असते.

या वेळी वैमानिकापुढील एका मापकावर मोठा विलक्षण आकडा दिसतो. हा मापक इंजिनाचे दाबगुणोत्तर, वैमानिकांच्या बोलीत ‘ई. पी. आर.’, दाखवितो. टर्बाइनमागून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या एकूण दाबाला इंजिनाच्या मुखाशी असलेल्या एकूण दाबाने भागले की हा आकडा मिळतो. प्रॅट अँड व्हिटनी आणि रोल्स-रॉइस यांच्या अनेक इंजिनांचा जोर याच आकड्यावरून ठरवितात. जुन्या बोइंग ७३७ विमानांत उड्डाणाच्या वेळी तो २ च्या आसपास असे. उतरताना मात्र तो १ च्याही खाली घसरतो. म्हणजे आत शिरलेल्या हवेपेक्षा बाहेर पडणाऱ्या वायूंचा दाब कमी! इंधन तर जळते आहे; मग हे कसे?

याचे उत्तर विमानाच्या वेगात आहे. ध्वनिवेगाच्या ०.७८ पट वेगाने जाताना हवा मुखात आपोआप कोंबली जाते आणि तेथील एकूण दाब भोवतालच्या सुमारे दीडपट होतो. समजा, मंद चालीच्या इंजिनामागे तो भोवतालच्या १.३५ पट आहे. १.३५ ला १.५ ने भागा, ०.९ आले. बाहेरच्या हवेहून हा दाब अधिकच असल्याने वायू सुखाने बाहेर पडतात. पुढे ढकलण्याचा जोर मात्र जवळजवळ उरत नाही, कधी उलट अडथळाच होतो. पुढे वेग ०.४ पटीवर आला, की मुखाशी दाब जेमतेम १.१२ पट राहतो आणि तरफेला हात न लावताही आकडा १ कडे चढू लागतो.

तेव्हा काटा खोटे बोलत नाही. पण तो सर्व काही सांगतही नाही. इंजिनातील ज्योत विझून ते नुसते वाऱ्याने फिरत असले, तरी आकडा १ च्या खालीच असतो. ज्योत जिवंत आहे की नाही, हे बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान, इंधनाचा प्रवाह आणि फेऱ्यांची गती यांवरूनच कळते.

दुसरा धोका बर्फाचा. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनहून निघालेल्या एअर फ्लोरिडाच्या ७३७ विमानात इंजिनाची बर्फरोधक व्यवस्था बंद होती. मुखाशी दाब टिपणारी नळी बर्फाने बुजली. छेद लहान झाला, भागाकार फुगला: मापकावर २.०४, प्रत्यक्षात अवघे १.७० च्या सुमारास. विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळले आणि ७८ माणसे दगावली.

ती घटना उड्डाणाच्या वेळची. पण उतरताना, थंड ओल्या ढगांत, तीच नळी तशीच बुजू शकते. म्हणून ढगांत शिरण्यापूर्वीच वैमानिक इंजिनाची बर्फरोधक उष्ण हवा सुरू करतात. कित्येक विमानांत त्याबरोबर मंद चालही थोडी वाढते. उतरता उतरता मध्येच ऐकू येणारी ती बारीक घरघर पुष्कळदा हीच असते.