‘मनावर घेऊ नकोस’ म्हणण्याआधी



शाळेत एक मूल किंवा मुलांचे टोळके दुसऱ्या मुलाचा जो छळ करते, त्याला मराठीत नेमका एक शब्द नाही. वृत्तपत्रे ‘गुंडगिरी’ लिहितात, महाविद्यालयांत ‘रॅगिंग’ रूढ झाले आहे. पण मुळशी तालुक्यातल्या पौड किंवा कोळवण खोऱ्यातले पाचवीतले मूल यांपैकी कोणताच शब्द वापरत नाही. ते म्हणते ‘चिडवतात’, ‘खेळायला घेत नाहीत’, किंवा कारण न सांगता नुसतेच ‘शाळेत जायचं नाही’. मोठ्यांच्या कानाला ‘चिडवतात’ हा शब्द इतका हलका लागतो की तक्रार पुरती ऐकून घेण्याआधीच ‘मनावर घेऊ नकोस’ हे उत्तर तयार असते, आणि अलीकडे या उत्तराला ‘सकारात्मक विचार’ असे भारदस्त नावही मिळाले आहे. या भाषणाचा सारा रोख या एका वाक्यावर आहे.

चिडवणे आणि छळ यांतली सीमारेषा आखण्याचे काम डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात स्वीडनमध्ये सुरू केले आणि पुढे नॉर्वेतील बर्गन येथे विस्ताराने केले. त्याने तीन खुणा सांगितल्या : दुखावण्याचा हेतू, वारंवारता आणि बळातली विषमता. कबड्डीच्या मैदानावर बरोबरीच्या दोन मुलांची हातघाई झाली तर ते भांडण होय. परंतु तीच चार मुले रोज मधल्या सुट्टीत त्याच एका मुलाला गाठत असतील आणि त्या मुलाला परतफेडीचा मार्गच नसेल, तर तो छळ होय, मग त्यात एकही फटका पडलेला नसो. येथे ‘बळ’ म्हणजे केवळ अंगातली ताकद नव्हे. संख्या, घरचा पैसा, जात, रंग, बोलीतला हेल, मोबाइलमध्ये साठवलेला एखादा फोटो, यांतले काहीही बळ होऊ शकते.

या तिसऱ्या खुणेमुळे मुळशीचा विचार वेगळा करावा लागतो, कारण बळातली इतकी तीव्र विषमता एकाच बाकावर बसलेली फार थोड्या तालुक्यांत दिसेल. पश्चिमेला ताम्हिणीच्या अंगाला भातखाचरे, धनगरवाडे आणि कातकरी वस्त्या आहेत. पूर्वेला हिंजवडी-माणचे आयटी पार्क. मध्ये पिरंगुटचे कारखाने आणि त्यांच्या आधाराने आलेली मराठवाड्यातली, विदर्भातली, उत्तर भारतातली कुटुंबे. ज्याच्या वडिलांनी जमीन विकली तो मुलगा आणि त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीचा पहारा ज्याचे वडील करतात तो मुलगा, हे दोघे एका वर्गात शिकतात. जमिनीच्या या उलाढालीतून तरुण गुन्हेगारीकडे कसे ओढले जातात, हे ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने 2018 मध्ये दाखवले, पण त्यातली शोकांतिका बाजूला राहून ‘भाई’ हा शब्द तेवढा शाळेच्या मैदानावर उतरला. पुणे परिसरात तलवारीने केक कापण्याचे जे प्रकार वेळोवेळी पोलिसांपर्यंत गेले, त्यांच्या चित्रफिती सातवी-आठवीतल्या मुलांच्या हातातही पोहोचतात. वर्गातला ‘भाई’ आकाशातून पडत नाही, आणि त्याला केवळ वाईट मुलगा ठरवून मोकळे होणे हा त्या मुलावरही अन्याय आहे.

छळाचा दुसरा प्रकार आवाज न करता चालतो. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 मध्ये कायदा संमत केला, म्हणजे प्रौढांच्या जगात माणसाला वाळीत टाकणे हा गुन्हा ठरला. परंतु सातवीतल्या दहा मुली एकीशी महिनाभर बोलायचे नाही असे ठरवतात, वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटातून तिला काढतात, डबा खाताना तिच्या बाजूला पाठ करून बसतात, तेव्हा त्याला पोरखेळ म्हटले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात आपल्या शाळेतल्या नळाची हकीकत नोंदवली आहे : इतर मुले तहान लागली की नळ उघडून पाणी पीत, त्यांच्यासाठी मात्र शिपायाने नळ उघडावा लागे, आणि शिपाई नसेल तर पाणी नाही. वर्गात बसायला गोणपाटही घरून न्यावे लागे. त्या वागणुकीमागे अस्पृश्यतेची सारी समाजरचना उभी होती, म्हणून तिची तुलना आजच्या वर्गातल्या रुसव्याफुगव्यांशी करणे चुकीचे ठरेल. तरीही एक गोष्ट तिथून शिकता येते. बहिष्कार चालू राहतो तो एखाद्या दुष्ट माणसाच्या जोरावर नव्हे, तर बाकी सर्वांना तो नेहमीचा वाटतो म्हणून. आणि शालेय पोषण आहाराच्या रांगेत कातकरी वस्तीवरचे मूल रोज शेवटीच का असते, हा प्रश्न कोणाला पडत नसेल तर तिथेही तेच घडत असते.

म्हणूनच अलीकडच्या संशोधनाची नजर छळणारा आणि छळला जाणारा या जोडीवरून भोवतीच्या मुलांकडे वळली आहे. टोरांटोतील प्राथमिक शाळांच्या मैदानांचे चित्रीकरण करून झालेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बहुतेक प्रसंगी इतर मुले हजर असल्याचे आढळले. मध्ये पडणारी मुले थोडी होती, पण जेव्हा कोणी मध्ये पडले तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत छळ थांबला. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात क्रिस्टीना साल्मिव्हाल्ली यांच्या पुढाकाराने तयार झालेला ‘किवा’ हा कार्यक्रम याच पायावर उभा आहे. त्यात पीडित मुलाला धीट करण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष बघ्यांच्या भूमिकेकडे दिले जाते. हसणारी तीन मुले हसायची थांबली की चिडवणाऱ्याला प्रेक्षक उरत नाही.

आता सकारात्मक विचाराकडे वळता येईल. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 च्या सुमारास ‘शिकलेली असहायता’ ही कल्पना मांडली : काहीही केले तरी त्रास टळत नाही असा अनुभव वारंवार आला की प्राणी पुढे सुटकेची वाट असतानाही हालचाल करत नाही. या कल्पनेचा प्रवास शिक्षकांनी शेवटपर्यंत पाहण्यासारखा आहे, कारण जवळजवळ 50 वर्षांनी, 2016 मध्ये, याच दोघांनी मेंदूविषयीच्या नव्या माहितीच्या आधारे आपले म्हणणे उलटे केले. दीर्घ त्रासापुढे निपचित पडणे ही मुळातली प्रतिक्रिया आहे. शिकावी लागते ती ‘आपल्या करण्याने काही बदलते’ ही जाणीव. हा निष्कर्ष शाळेला लावून पाहिला तर ‘मनावर घेऊ नकोस’ या वाक्याने काय बिघडते ते ध्यानात येते. मुलाने मोठ्या धीराने तोंड उघडले आणि काहीच बदलले नाही, म्हणजे त्याला आशावाद शिकवण्याची संधी गेली, इतकेच नव्हे तर त्याच्या असहायतेवर शिक्षकाची मोहोर उमटली.

मुळशीच्या मातीला ‘आपल्या करण्याने काही बदलते’ ही जाणीव परकी नाही. 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली, परंतु शंभर वर्षांनंतरही या खोऱ्यात त्या लोकांची आठवण निघते ती उभे राहिलेले लोक म्हणून.

‘मनावर घेऊ नकोस’ हे उत्तर नको, याचा अर्थ मनाच्या मशागतीला महत्त्व नाही असा नव्हे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती महाराष्ट्रात किशोर फडके यांनी रुजवली आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आपल्या लेखनातून व व्याख्यानांतून ती घरोघरी नेली. या पद्धतीत घटना आणि तिच्याविषयीची समजूत यांत फरक केला जातो. ‘त्यांनी काळ्या म्हणून हिणवले’ ही घटना. ‘म्हणजे आपण कमी प्रतीचे’ ही समजूत. घटना चुकीची आहे हे मान्य करूनच समजूत तपासायची असते, आणि नेमका हा पूर्वार्ध आपल्याकडे गाळला जातो. मुलाला आधी ‘त्यांचे चुकले’ हे शिक्षकाच्या तोंडून ऐकू आले पाहिजे. ‘त्यांच्या बोलण्याने तुझी किंमत ठरत नाही’ हे वाक्य त्यानंतर उच्चारले तरच खरे वाटते.

मूल तोंडच उघडत नसेल तर काय, याचे उत्तर साने गुरुजींकडे सापडते. ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 पासून शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. तिथे ते मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत आणि मुलांची पडतील ती कामे स्वतः करत. या वागण्याला मायेचा उमाळा म्हणून बाजूला ठेवले जाते, परंतु त्यात एक पद्धत दडलेली आहे : जो माणूस रोज मुलांच्या खोल्यांतून वावरतो, त्याला कोणाची वळकटी कोपऱ्यात ढकलली गेली आहे हे कोणी न सांगताच दिसते.

कायद्याचा आधार थोडा आहे, पण आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे 17 वे कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करते. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत वसतिगृहेही येतात आणि तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करण्याचे बंधन संस्थाप्रमुखावर आहे. शाळांत तक्रारपेट्या आल्या, सखी-सावित्री समित्या आल्या, 1098 हा बालमदत क्रमांक भिंतीवर रंगवला गेला. मात्र पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी, सर्वांच्या डोळ्यांसमोर टांगलेली असेल तर तिच्यात चिठ्ठी टाकणे हेच एक जाहीर धाडस होऊन बसते.

मुळशीच्या शिक्षकांच्या या परिषदेपुढे म्हणून एकच काम ठेवावेसे वाटते. प्रत्येक शाळेने येत्या पंधरवड्यात मुलांच्या हाती शाळेचा साधा नकाशा द्यावा आणि नाव न लिहिता, जिथे जायला भीती वाटते तिथे फुली मारायला सांगावे. फुल्या बहुधा वर्गात पडणार नाहीत. त्या स्वच्छतागृहामागे पडतील, पाण्याच्या टाकीजवळ पडतील, आणि नकाशाच्या बाहेर, संध्याकाळच्या एसटीच्या मागच्या बाकावर पडतील, जिथे आजवर कोणत्याही शिक्षकाची पाळी लावली गेलेली नाही. पाळ्यांचे नवे वेळापत्रक त्या फुल्यांवरून करावे, आणि एसटीच्या वाहकांनाही त्या बैठकीला बोलवावे.