दुबार नोंदींची बेरीज

कोलाड स्थानकात मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात. कोकण रेल्वेची ही रो-रो सेवा 1999 पासून चालू आहे. अशा ट्रकांची एक यादी संगणकावर आहे असं समजा. प्रत्येक नोंदीत गाडीचा नंबर, चालकाचं नाव, तारीख, वेळ आणि मालाचं वजन. एकच गाडी पुन्हा पुन्हा जाते, म्हणून तिचा नंबरही पुन्हा पुन्हा येतो. आपल्याला हवी आहे गाडीमागे एकच ओळ आणि एकूण वजन.

जावास्क्रिप्ट शिकणारी मुलं इथे आधी ‘सेट’ वापरून पाहतात. सेट दुबार आकडे गाळतो, दुबार शब्दही गाळतो. पण आपली प्रत्येक नोंद हा एक ऑब्जेक्ट आहे, आणि दोन ऑब्जेक्ट अक्षरन् अक्षर सारखे असले तरी जावास्क्रिप्ट त्यांना वेगळेच मानते. शिवाय आपल्याला नोंदी गाळायच्या नाहीत, एकत्र करायच्या आहेत. त्यासाठी 2015 मध्ये भाषेत आलेला ‘मॅप’ घ्यावा. मॅप प्रत्येक किल्लीखाली एक नोंद ठेवतो. गाडीचा नंबर ही किल्ली. नंबर नवा असेल तर नोंदीची प्रत मॅपमध्ये ठेवायची, आधीच असेल तर वजन मिळवायचं. प्रत म्हणतो, कारण मूळ ऑब्जेक्टच ठेवला तर बेरीज करताना मूळ यादीतली पहिली नोंदही बदलते. यादी एकदाच वाचावी लागते. प्रत्येक नोंद इतर सगळ्यांशी ताडून पाहिली, तर 10,000 नोंदींना जवळपास 5 कोटी तुलना होतात.

वजन मजकूर म्हणून साठवलं असेल तर 15 आणि 12 मिळून 27 होत नाहीत, 1512 होतात! म्हणून आधी त्याचा आकडा करून घ्या. नंबरांचंही तसंच. पेणच्या आरटीओचा ‘एमएच ०६’ कुणी जोडून लिहितो, कुणी मध्ये रेघ देतो. ते एकसारखे केल्याशिवाय किल्ली जुळत नाही. चालकाचं नाव तर किल्ली म्हणून घेऊच नका. रायगडात पाटील किती आहेत!

पण खरं काम प्रोग्राम लिहिण्याआधीचं आहे. गाडी दोनदा गेली की एकाच फेरीची नोंद दोनदा झाली? पहिल्या बाबतीत बेरीज बरोबर. दुसऱ्या बाबतीत न गेलेला माल हिशेबात येतो. तेव्हा आधी नंबर, तारीख आणि वेळ मिळून किल्ली करावी, एका फेरीची एकच नोंद ठेवावी, आणि मगच नंबरवार बेरीज घ्यावी. पण दोन नोंदी खरंच एकाच फेरीच्या आहेत का, हे यादी पाहून संगणकाला कळत नाही. नोंद करणाऱ्या माणसालाच जाऊन विचारावं लागतं.