यष्टीमागची शाळा

आपल्या हिंगोली जिल्ह्यातून पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. त्या विदर्भाला रणजी करंडक पहिल्यांदा मिळवून देणारा प्रशिक्षक स्वतः मात्र भारताचा राखीव यष्टिरक्षक होता. त्याचं नाव चंद्रकांत पंडित.

मुंबईत 1961 साली जन्मलेले पंडित 1986 ते 1992 या काळात भारताकडून पाच कसोटी आणि 36 एकदिवसीय सामने खेळले. तेव्हा हातमोजे बहुधा किरण मोरेंकडे असत. पंडितांनी 1986 साली लीड्सला कसोटी पदार्पण केलं, तेही निव्वळ फलंदाज म्हणून!

पण यष्टिरक्षक दर चेंडूला उकिडवा बसतो, तेव्हा सगळं मैदान त्याच्या नजरेसमोर असतं. फलंदाजाचा पाय कुठे पडतो, गोलंदाज कधी थकतो, हे आधी त्यालाच कळतं. हीच नजर पुढे प्रशिक्षक पंडितांच्या कामी आली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने तीनदा, तर विदर्भाने 2018 आणि 2019 असं लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला.

कर्णधार म्हणून 1999 साली बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशची रणजी अंतिम लढत त्यांच्या हातून निसटली होती. 23 वर्षांनी, 2022 मध्ये, त्याच मैदानावर त्याच संघाने अंतिम लढतीत मुंबईला हरवलं. प्रशिक्षक पंडितच होते. खेळाडूंनी त्यांना खांद्यावर घेतलं, तेव्हा शिस्तीसाठी कडक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाचे डोळे भरून आले होते.

राखीव बाकावरचा काळही वाया जात नाही, श्रोतेहो.