नकाशातील रंग आणि कामाचे तास



या व्यासपीठावरून इतिहास, वाङ्मय आणि तत्त्वज्ञान या विषयांवर विद्वानांची भाषणे होतात. कामगार चळवळीतल्या एका माणसाने येथे यावे, आणि तेही नकाशांवर बोलावे, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटत असेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. भूगोलाचा मी पंडित नाही. नकाशाशी माझी गाठ पडली ती पगारवाढीच्या बोलण्यांत.

काही वर्षांपूर्वी अशा एका बैठकीत मालकपक्षाने भिंतीवर जगाचा नकाशा दाखविला. संपामुळे कोणत्या देशात कामाचे किती दिवस बुडाले, ते रंगांनी दाखविलेले होते. भारत गडद तांबडा आणि लहान लहान देश फिके. त्यांचे अधिकारी म्हणाले, "पाहा, असे असेल तर इथे भांडवल कोण घालील?" आमच्या बाजूची सगळी मंडळी गप्प. मीही गप्प बसलो. भाषणाला भाषणाने उत्तर देता येते. रंगाला काय उत्तर द्यावे ते सुचेना.

रात्री अंथरुणावर पडल्यावर उजेड पडला. आकडे खोटे नव्हते, पण भागाकारच केलेला नव्हता. जिथे कोट्यवधी कामगार आहेत तिथे बुडालेल्या दिवसांची बेरीज मोठी येणारच. शंभर माणसांच्या पंगतीला दहा माणसांच्या पंगतीपेक्षा जास्त भात लागला, म्हणून ते शंभर जण खादाड ठरत नाहीत. हे मला बैठकीत का सुचले नाही? कारण नकाशा ही एक मोठी अधिकारवाणी आहे असे आपण शाळेपासून मानत आलो. नकाशाला कोणी उलट प्रश्न विचारीत नाही. त्या दिवसापासून मी ठरविले की हे नकाशे कसे करतात ते आपण स्वतः करून पाहायचे.

ज्या नकाशात प्रदेशाप्रदेशाला आकड्याप्रमाणे छटा दिलेली असते त्याला आपल्या शालेय पुस्तकांत 'क्षेत्रघनी नकाशा' म्हणतात. ही पद्धत फ्रान्समधली. १८२६ साली शार्ल द्युपँ यांनी फ्रान्सचा एक नकाशा काढला आणि प्रत्येक जिल्ह्यात शिक्षणाचा प्रसार किती झाला, ते काळ्यापांढऱ्या छटांनी दाखविले. शाळेत जाणाऱ्या एका मुलामागे लोकसंख्या किती, हा त्यांचा हिशेब होता. म्हणजे या पद्धतीच्या मूळपुरुषाने भागाकार केला होता. दोनशे वर्षांनंतर आमच्या भिंतीवरच्या नकाशात तो गळला होता.

आता हे नकाशे संगणकावर होतात. त्यासाठी जी साधने आहेत त्यांतले एक मला मानवले. त्याचे नाव एकाच अक्षराचे, 'आर'. ही संख्याशास्त्राच्या कामासाठी घडविलेली भाषा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून 'एस' नावाची भाषा घडविली होती. तिच्या धर्तीवर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघा अध्यापकांनी १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत 'आर' रचली. १९९५ साली त्यांनी ती सर्वांना मोकळी केली. कोणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, सुधारावी आणि दुसऱ्याला द्यावी, असा तिचा परवाना आहे. युनियनच्या तिजोरीची स्थिती आपणांस ठाऊकच आहे. त्यामुळे 'फुकट' हा शब्द आधी डोळ्यांत भरला. तिचे खरे मोल निराळेच आहे, हे मागाहून कळले. ते शेवटी सांगतो.

कृती अशी आहे. एक तक्ता लागतो: एका रकान्यात देश, दुसऱ्यात आकडा. देशांच्या सीमारेषा लागतात. 'नॅचरल अर्थ' नावाचा त्यांचा संच सर्वांना खुला आहे. मग तक्ता आणि सीमारेषा यांची सांगड घालायची, छटा ठरवायच्या आणि रंग भरायचे. हे सारे हाताने काढायचे नसून एकेक ओळ लिहून सांगायचे असते. दहापंधरा ओळींत जगाचा नकाशा उभा राहतो. मला पहिला नकाशा जमायला तीन रविवार लागले. घरातल्या तरुण मंडळींनी हसत हसत मदत केली.

पहिल्या प्रयोगाला मी आमचा जिव्हाळ्याचा विषय घेतला: कामाचे तास. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने पाठविलेले गृहस्थ होते आपले नारायण मल्हार जोशी. त्या परिषदेचा पहिलाच करार कारखान्यांतील कामाच्या तासांचा: दिवसाला आठ, आठवड्याला अठ्ठेचाळीस. कोणत्या देशांनी या कराराला मान्यता दिली त्याचा मी नकाशा केला. दिली तिथे गडद रंग, नाही तिथे पांढरा.

नकाशा पडद्यावर आला आणि मी थक्क झालो. भारत गडद! आपण १९२१ सालीच मान्यता दिली होती. ब्रिटन पांढरा, जपान पांढरा आणि ज्या अमेरिकेच्या राजधानीत ती परिषद भरली तो देशही पांढरा. क्षणभर छाती फुगली. हा नकाशा घेऊन कोणी व्याख्यान दिले असते, तर शंभर वर्षांपूर्वी हिंदी कामगार इंग्रज कामगारापेक्षा सुखात होता असे सहज सिद्ध झाले असते.

मग मूळ करार काढून वाचला. त्याच्या दहाव्या कलमात ब्रिटिश हिंदुस्थानापुरती निराळी तरतूद आहे: आठवडा साठ तासांचा. नवव्या कलमात जपानसाठी सत्तावन्न तासांची. म्हणजे मान्यता एकाच कराराला, पण आपल्या कामगाराच्या वाट्याला त्यातून साठ तासच आले. १९२२ च्या दुरुस्तीने कारखान्यांत तेवढाच आठवडा लागू झाला, आणि अठ्ठेचाळीस तासांपर्यंत यायला १९४६ साल उजाडले. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने तो कायम केला. एका रंगाच्या पोटात आठवड्याचे बारा तास दडलेले होते. लाखो माणसांचे, आठवड्याला बारा तास!

माझ्या नकाशातली एकही ओळ खोटी नव्हती. तरीही नकाशा सत्य सांगत नव्हता. हीच गोष्ट आज मला आपणांपुढे मांडायची आहे. नकाशा हे निसर्गाचे छायाचित्र नव्हे. ते कोणीतरी केलेले विधान असते, आणि करणाऱ्याने वाटेत चारपाच ठिकाणी निवड केलेली असते. एक निवड भागाकाराची, ती आपण पाहिली. बाकीच्याही सांगतो.

सांगड घालण्याचेच पाहा. कारखान्यात दोन दत्तू पाटील असतात, म्हणून पगारपत्रक नावावर चालत नाही, बिल्ला नंबरावर चालते. देशांचेही तसेच. एका तक्त्यात 'आयव्हरी कोस्ट', दुसऱ्यात 'कोत दिव्हार'; २०१८ पर्यंतचे 'स्वाझिलँड', नंतरचे 'एस्वातिनी'. नावे जुळली नाहीत की तो देश नकाशात रिकामा राहतो. म्हणून प्रत्येक देशाला तीन अक्षरांची आंतरराष्ट्रीय खूण दिलेली आहे, आपली आय-एन-डी. पण तिथेही ठेच लागते. मी सांगितलेल्या सीमारेषांच्या संचाच्या काही आवृत्त्यांत, फ्रान्स आणि नॉर्वे यांच्यापुढे खुणेच्या जागी 'उणे ९९' असा आकडा आहे. युनियनच्या सभासदांचे प्रमाण दाखविणारा नकाशा मी केला, तेव्हा नॉर्वे गायब! जिथे जवळजवळ निम्मे कामगार संघटित आहेत तो देश करड्या रंगात, जणू तिथे संघटनाच नाही. त्याच संचात खुणेचा दुसरा रकाना आहे, तो वापरल्यावर नॉर्वे परत आला. तेव्हा नकाशात रिकामी जागा दिसली तर तिथे काही नाही असे समजू नका. हजेरीपटावर नाव नाही म्हणून माणूस कामावर नव्हता असे होत नाही.

दुसरी गोष्ट छटांच्या पायऱ्यांची. समजा सहा देशांचे आकडे २, ३, ४, ५, ६ आणि ४६ असे आहेत आणि छटा दोनच, फिकी व गडद. अंतर सारखे वाटले, तर २४ ही मधली रेघ होते. पाच देश फिके आणि एकटा सहावा गडद. देशांची संख्या सारखी वाटली, तर २, ३, ४ फिके आणि ५, ६, ४६ गडद. आता सहा आणि सेहेचाळीस एकाच रंगाचे, आणि चार व पाच मात्र शत्रुपक्षात! आकडे तेच, नकाशे दोन. एकात एक गुन्हेगार, दुसऱ्यात तीन.

तिसरी गोष्ट रंगाची. गडद म्हणजे जास्त, अशी आपल्या डोळ्यांची सवय. पण 'आर'मध्ये नकाशे रंगविण्याचा जो लोकप्रिय संच आहे, 'जीजीप्लॉट-टू', त्याला आपण काहीच सांगितले नाही तर तो उलट करतो: लहान आकड्याला गडद निळा आणि मोठ्याला फिका. सूचिपट्टी न वाचता पाहणारा नेमका उलटा अर्थ घेऊन घरी जातो.

चौथी गोष्ट देशांच्या आकाराची. पृथ्वी गोल, कागद सपाट; तेव्हा ताणातोड होणारच. १५६९ साली मर्केटर यांनी खलाशांच्या सोयीसाठी जे प्रक्षेपण केले, त्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसते. वास्तविक आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. क्षेत्रफळ राखणारी प्रक्षेपणे आहेत. 'इक्वल अर्थ' हे त्यांतले २०१८ सालचे. 'आर'मध्ये एक ओळ बदलली की काम होते. पण तेवढ्याने भागत नाही. रशियाचे क्षेत्रफळ बांगलादेशाच्या शंभराहून अधिक पट आहे, आणि माणसे बांगलादेशात जास्त. नकाशात मात्र डोळा रशियावर जातो. जमीन दिसते, माणसे दिसत नाहीत.

याचा अर्थ काय होतो तो पाहा. १९४८ चा सत्त्याऐंशी क्रमांकाचा करार संघटनास्वातंत्र्याचा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १८७ सभासद देशांपैकी दीडशेहून अधिक देशांनी त्याला मान्यता दिलेली आहे. म्हणजे पाचांतल्या चारांनी. ऐकायला चांगले वाटते. पण न देणाऱ्यांत चीन, अमेरिका, ब्राझील आणि आपण आहोत. या चार देशांतच जगातल्या दर पाच माणसांपैकी दोन राहतात.

आणि ज्यांनी दिली त्यांचे काय? बांगलादेशाने १९७२ सालीच मान्यता दिली. माझ्या नकाशात तो गडद आहे. त्याच देशात, ढाक्याजवळ सावर येथे, २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. बहुतेक कपडे शिवणारे कामगार. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या. तरी सकाळी त्यांना कामावर जायला लावले. आत जायला नकार देण्याचे बळ त्यांच्यापाशी नव्हते. ते बळ सहीने येत नाही, संघटनेने येते, आणि त्याचा रंग माझ्या नकाशात नव्हता.

मग नकाशे टाकून द्यावेत काय? मुळीच नाही. दोनशे देशांचा तक्ता वाचून जे महिनाभरात ध्यानी येत नाही, ते नकाशा एका दृष्टिक्षेपात दाखवितो. फक्त त्याची कृती मागावी. 'आर'चे खरे मोल म्हणालो ते हेच. छापील नकाशात करणाऱ्याच्या निवडी पुसून गेलेल्या असतात. इथे प्रत्येक निवड एकेका ओळीत लिहिलेली राहते. कशाने भागले, पायऱ्या कुठे पाडल्या, कोणता देश गळला, सगळे. ते लिखाण दुसऱ्याला दिले की तो तोच नकाशा पुन्हा करू शकतो आणि एक ओळ बदलून काय होते तेही पाहू शकतो. पगारपत्रक कामगाराला पाहायला मिळावे म्हणून आम्ही भांडतो. हेही तसेच पगारपत्रक आहे.

एक व्यवहाराची सूचना करतो. परदेशी संचांतली भारताची सीमा नेहमी आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे नसते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा छापण्यापूर्वी सीमारेषा तपासून घ्याव्यात.

आता त्या बैठकीचे पुढे काय झाले ते सांगून संपवितो. पुढच्या खेपेस तोच नकाशा भिंतीवर आला तेव्हा मी एवढेच विचारले, "साहेब, हे आकडे कामगारांच्या संख्येने भागले आहेत काय?" त्यांनी शेजारच्या तरुण अधिकाऱ्याकडे पाहिले. तो प्रामाणिक मुलगा होता, म्हणाला, "नाही, आकडे तसेच घेतले." पगारवाढ त्या दिवशी काही मिळाली नाही, ती पुढे चार महिन्यांनी, भांडून मिळाली. पण तो नकाशा पुन्हा भिंतीवर आला नाही, आणि आमची माणसे त्यानंतर कोणत्याही भिंतीपुढे गप्प बसली नाहीत.