उंदीर मेला, पिसू उडाली

मंडळी, मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी कॉलेजात जाताना मी आमच्या शहरातल्या धान्यबाजाराच्या गल्लीतून चाललो होतो. एका गाळ्यापुढे चार-पाच शाळकरी पोरांचा घोळका दिसला. त्यातल्या एकाने मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलला होता, आणि तो दुसऱ्यांच्या अंगावर टाकतो-टाकतो असे करीत होता. पोरे किंचाळत होती, हसत होती. गाळ्यावरचा हमालही हसत होता. खरे सांगायचे तर मलाही आधी हसूच आले. मी इतिहासाचा मास्तर; प्लेगच्या साथीवर दर वर्षी वर्गात तास घेतो; तरी हसू आले. मग एकदम लक्षात आले आणि मी ओरडलो, "अरे, टाक तो खाली!"

एवढे ओरडण्यासारखे त्यात काय होते, ते आज सांगायचे आहे.

उंदीर म्हटला की आपल्याला कुरतडलेली पोती आठवतात. पण उंदीर कधी एकटा नसतो. त्याच्या केसांत पिसवा नि उवा असतात, आतड्यात कृमी असतात, मूत्रपिंडात जंतू असतात. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला आपण बांडगूळ म्हणतो. पुस्तकात त्याला परोपजीवी म्हणतात. उंदीर जिवंत असतो तोवर त्याच्या पिसवांना माणसाची फारशी गरज नसते. तो मेला आणि अंग गार पडू लागले, की त्या तिथे थांबत नाहीत. घर पडल्यावर बिऱ्हाडकरू काय करील? दुसरे घर बघेल. आणि जवळपास दुसरा उंदीर नसला तर? तर तुमचा-आमचा पाय असतो.

ही साधी गोष्ट कळायला फार मोठी किंमत द्यावी लागली. 1896च्या सप्टेंबरात मुंबईत, मांडवी भागात, डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे बंदरालगतची वस्ती. धान्याच्या वखारी तिथे, आणि वखारींवरच्या कोंदट खोल्यांत माणसे. रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, 1894मध्ये, हाँगकाँगला येर्सिन यांनी शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हते. कुणी म्हणे हवेतून, कुणी म्हणे जमिनीतून. म्हणून गटारे कार्बोलिकने धुतली, भिंतींना चुना फासला, छपराची कौले काढून खोल्यांत ऊन आणले. पुण्यात सोजीर घरात शिरून रोगी हुडकू लागले. त्यातून लोक किती दुखावले आणि 22 जून 1897 रोजी रँडवर गोळी कशी झाडली गेली, हे आपल्या शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. एवढा आटापिटा झाला. पण पिसवेकडे कुणी पाहिले नाही.

पाहिले ते पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने. 1898च्या जूनमध्ये ते कराचीत होते. त्यांनी काचेच्या मोठ्या बरणीत प्लेग झालेला, पिसवांनी भरलेला उंदीर ठेवला. तो मरायला टेकल्यावर त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर सोडला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते. जाळीतून जाऊ शके ती फक्त पिसू. थोड्याच दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. मग पिसवा नसलेल्या रोगी उंदरावर तोच प्रयोग केला. तेव्हा शेजारच्या उंदराला काही झाले नाही. इतका सोपा पुरावा! तरी जाणत्या लोकांनी बरीच वर्षे तो मानला नाही. पुढे मुंबईतच लिस्टन यांनी, जिथे उंदीर मेले होते त्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले, तर त्यांच्या अंगावर उंदराच्या भुकेल्या पिसवा भराभर गोळा झाल्या. परळच्या प्रयोगशाळेतल्या पुढच्या कामाने शंकेला जागा उरली नाही. तीच प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था म्हणून आपल्याला ठाऊक आहे.

भुकेल्या का, ते 1914मध्ये उलगडले. प्लेगचे जंतू पिसवेच्या पोटात वाढतात आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी बोळा बसतो. प्यालेले रक्त पोटात उतरत नाही. पिसू उपाशी, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते, आणि दर वेळी अडलेले रक्त जंतूंसकट जखमेत ओकते.

आता गंमत बघा. हे शास्त्र ज्यांना माहीत नव्हते, त्या आपल्या खेड्यांतल्या माणसांनी अर्धी गोष्ट अनुभवाने ओळखली होती. माझी आजी सांगे, "घरात उंदीर पडला की चूल विझवायची नि रानात खोपीत जायचं." 'उंदीर पडणे' हा शब्दच त्या काळाने आपल्याला दिला आहे. रिकाम्या घरातल्या पिसवांना चावायला कुणी मिळत नसे. सरकारी तपासणीपेक्षा ही खोप, मला वाटते, पुष्कळदा जास्त उपयोगी पडली.

शहरातल्या उंदरांशी आमचा काय संबंध, असे तुमच्यापैकी कुणी म्हणेल. तर पोत्यांमधून उंदीर गावी जातो, आणि उंदीर नसला तरी नुसत्या पोत्यांतून, धान्याच्या कचऱ्यातून पिसू जाऊ शकते. शिवाय बीड जिल्ह्यातले मामला गाव आठवा. 30 सप्टेंबर 1993ला किल्लारीचा भूकंप झाला. त्या धास्तीने त्या बाजूच्या कित्येकांनी घरे सोडली, घरात साठवलेले धान्य तसेच राहिले, आणि उंदीर माजले. 1994च्या ऑगस्टमध्ये मामल्यात आधी उंदीर पडल्याच्या नि पिसवांच्या तक्रारी आल्या, आणि मागोमाग गाठीच्या तापाचे रोगी. पुढच्याच महिन्यात सुरतेत जी धावपळ झाली ती फुप्फुसाच्या प्लेगची. तो खोकल्यातून माणसाकडून माणसाला लागतो.

प्लेगखेरीज दुसरी बिऱ्हाडेही आहेत. उंदराच्या लेंडीतली कृमीची अंडी पिठातले किडे खातात, आणि तसले कच्चे पीठ चिमटीने तोंडात टाकणाऱ्या मुलाच्या पोटात उंदराचा पट्टकृमी वाढतो. पीठ चाळावे, मुलांना कच्चे खाऊ देऊ नये, एवढे पुरे. लेप्टो मात्र जास्त वाईट. काटेकोर बोलायचे तर तो कृमी नव्हे, जंतू. तो उंदराच्या मूत्रातून पाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून आपल्या अंगात शिरतो. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या तुंबलेल्या पाण्यातून लोक चालले, आणि मागून लेप्टोची साथ आली. सिंधुदुर्गातल्या भातखाचरांत राबणाऱ्यांनाही तो सोडत नाही. अशा पाण्यात वावरल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर अंगावर काढू नका. डॉक्टरला पाण्याचे आवर्जून सांगा.

एखादा उंदीर मेला म्हणजे प्लेग आला, असे नव्हे. बहुतेक वेळा ते कुणाच्या तरी विषाच्या गोळीचे काम असते. पण वस्तीत कारण नसता चार-सहा उंदीर मेलेले दिसले, तर आणखी विष घालायला धावू नका. तेव्हा उंदीर मारणे म्हणजे पिसवांना घराबाहेर काढून आपल्या अंगावर बोलावणे. आधी आरोग्य केंद्रात कळवा. ते पिसवांवर औषध मारतील, उंदरांचे मग पाहतील. एकटादुकटा मेलेला उंदीरही उघड्या हाताने धरू नये. त्यावर जंतुनाशक शिंपडून, लांब चिमट्याने पिशवीत घालावा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत बांधावी, खोल पुरावी, आणि हात साबणाने धुवावेत. केरसुणीने शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे लोटून देऊ नये. हे मी स्वतः केले आहे, म्हणून सांगतो.

त्या दिवशी पोराने उंदीर टाकला. नळावर नेऊन मी त्याचे हात धुवायला लावले. सगळे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "पण सर, हा मेला कशानं?" प्रश्न बरोबर होता. आम्ही दोघे परत गाळ्याकडे गेलो आणि हमालाला तेच विचारले. त्याने पोत्यांच्या मागे ठेवलेली विषाची थाळी दाखवली, तेव्हा कुठे मी पुढे कॉलेजला गेलो.