नारळ नको, रीत नेऊ



सकाळी आपण मुरुडच्या वाड्या पाहिल्या. वर नारळ, खाली पोफळ, खोडावर मिरीवेल, सावलीत जायफळ. झावळ्या-पाचोळा आळ्यातच कुजतो. अशा शेतीला १९७८ साली ऑस्ट्रेलियातल्या मॉलिसन-होल्मग्रेन यांनी ‘पर्माकल्चर’ म्हटले. वाडी त्याआधीची आहे.

कोणी म्हणेल, इथे पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर, आपल्याकडे ७००-८००. खरे आहे. म्हणून नारळ नको, रीत नेऊ. कपाशीत तुरीचे तास धरू. तिचे मूळ खोल जाते, पाला जमिनीवर पडतो. पेरणी उताराला आडवी करू. ज्वारीची धसकटे पेटवणार नाही. पऱ्हाटी उभी ठेवली तर बोंडअळी पोसते. ती वेळेवर उपटून, बारीक करून खड्ड्यात कुजवू.

रानातला काडीकचरा रानालाच परतला, तर जमीन पाणी धरते. उधारीच्या पोत्याने ते होत नाही.